आजारी वृक्ष पाडू नका, उतरवून घ्या

पत्र

सा. न. वि. वि.

मी पुण्यातील 32 सदनिकांच्या एका सोसायटीची सचिव आहे. आमच्या दोन इमारतींच्या मध्ये पर्जन्यवृक्षाचे फार मोठे झाड आहे. सोसायटी 1968 साली उभी राहिली तेव्हाच ते लावले, असे जुने सभासद सांगतात. छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर पावणेचार मीटर भरला. गेल्या दोन पावसाळ्यांपासून बुंध्याच्या पूर्वेला जमिनीलगत तपकिरी, लाकडासारखी टणक भूछत्रे उगवतात. त्याच बाजूच्या मोठ्या फांद्या वाळल्या असून मागच्या वळिवात त्यांतील एक पार्किंगच्या पत्र्यावर कोसळली. बुंध्यात एक ढोली होती, ती पंधरा वर्षांपूर्वी सिमेंटने बुजवली. हे झाड वाचेल का? वाचत नसेल, तर एक कंत्राटदार लाकडाच्या बदल्यात एका दिवसात ते फुकट पाडून देतो म्हणतो आणि दुसरा पाच दिवस व बरीच मोठी रक्कम मागतो. हा फरक सभासदांना कसा समजावू? पहिल्या मजल्यावरील आजींच्या यजमानांनी हे झाड लावले होते. वरच्या एका ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते, असे त्या सांगतात, आणि झाडाचा विषय निघाला की उठून आत जातात. त्यांना काय सांगू?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम सांगतो आणि ते आजच्या आज करावे, अशी विनंती करतो. झाडाच्या वाळलेल्या फांद्यांखाली जी वाहने उभी राहतात ती तिथून हलवा, मुलांचा झोपाळा तिथे असेल तर तो काढून घ्या, आणि फांद्यांच्या टोकांच्याही चार-पाच पावले पुढे दोरी बांधून ती जागा बंद करा. वाळलेल्या फांदीला पडण्यासाठी वाऱ्याची गरज लागत नाही. मार्चमधल्या एखाद्या निवांत दुपारी, पानही हलत नसताना, मांडीएवढी जाड फांदी खाली आलेली मी पाहिली आहे. महापालिकेची परवानगी, सर्वसाधारण सभा, कंत्राटदाराची निवड या सगळ्याला वेळ लागणारच आहे, आणि तेवढ्या वेळात कुणाला इजा होऊ न देणे हे सोसायटीचे पहिले काम आहे.

आता झाडाच्या प्रकृतीविषयी. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी कोणत्याही झाडाचे अंतिम निदान करीत नाही, परंतु आपण केलेले वर्णन आणि सोबतची छायाचित्रे पाहता ही भूछत्रे गॅनोडर्मा या बुरशीची असण्याची शक्यता मोठी आहे. रोगण लावल्यासारखी चकाकणारी तांबूस-तपकिरी पाठ, वाढत्या कडेला पांढरा काठ, आणि आजूबाजूच्या पाल्यापाचोळ्यावर चहाच्या भुकटीसारखी बारीक तपकिरी धूळ, ही तिची ओळख आहे. शहरांतले गुलमोहोर पावसाळ्यात मुळासकट आडवे होतात, त्यामागेही पुष्कळदा हीच बुरशी असते. दिसते ते भूछत्र म्हणजे केवळ तिचे फळ. बुरशीचे खरे शरीर मुळांत आणि बुंध्याच्या लाकडात पसरलेले असते, आणि ते फळ धरण्याइतके पोसले गेले आहे याचाच अर्थ आतले लाकूड बरीच वर्षे खाल्ले जात आहे. भूछत्रे खरवडून काढल्याने, त्यांवर चुना किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) फासल्याने, किंवा बुंध्याला भोक पाडून औषध ओतल्याने हा रोग बरा होत नाही. कुजलेले लाकूड पुन्हा लाकूड होत नाही, आणि ज्या मुळांनी जमीन सोडली ती पुन्हा जमीन धरीत नाहीत. कुणी तसे आश्वासन देऊन पैसे मागत असेल, तर ते देऊ नका.

सभासदांचा एक प्रश्न येईल, की निम्मे झाड अजून हिरवेगार असताना ते मेले कसे म्हणायचे. झाड मेलेले नाही, आणि अडचण तीच आहे. पाणी वर नेण्याचे काम सालीलगतचे बाहेरचे लाकूड करते, तर एवढा पसारा तोलून धरण्याचे काम संपूर्ण बुंधा आणि जाड मुळे मिळून करतात. ही बुरशी तोलणारा भाग आतून पोखरते आणि पाणी वाहणारा भाग बराच काळ शाबूत राहतो. म्हणून पाने हिरवी, शेंगा लागलेल्या, संध्याकाळी पाने मिटण्याचा नेम चालू, आणि तरी पायाखालचा आधार गेलेला, अशी स्थिती येते. हिरवेपणावरून झाडाच्या ताकदीचा अंदाज बांधणे म्हणजे घराचा रंग पाहून पायाचा अंदाज बांधणे.

महापालिकेच्या उद्यान विभागाचा माणूस पाहणीला येईल, त्याच्याबरोबर आपणही उभ्या राहा आणि काही गोष्टी स्वतः पाहून घ्या. लाकडी मोगरी घेऊन बुंध्याभोवती, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, वीतभर अंतराने ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत आणि आखूड आवाज देते; पोकळ जागी आवाज ढोलकीसारखा घुमतो, आणि कुजून ओल धरलेल्या जागी तो उशीवर मारल्यासारखा विरतो. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने खूण करीत गेल्यास अर्ध्या तासात बुंध्यावर आतल्या पोकळीचा नकाशाच उमटतो. मग बुंध्यालगतची माती खुरप्याने हलक्या हाताने बाजूला करून जाड मुळांची सुरुवात उघडी करावी आणि बोथट सळईने टोचून पाहावे. सळई रुतली आणि बाहेर येताना पांढुरके, ओले, दोरे सुटलेले लाकूड घेऊन आली, तर त्या मुळावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुई फिरवून बुंध्याच्या आतली स्थिती मोजणारी यंत्रेही आता मिळतात आणि वाद असल्यास ती जरूर वापरावीत. पण मोगरी आणि सळई यांना वगळून नव्हे.

आकड्यांत सांगायचे तर पावणेचार मीटर घेर म्हणजे सुमारे 120 सेंटिमीटर व्यास आणि 60 सेंटिमीटर त्रिज्या. पोकळ बुंध्याबाबत वृक्षतज्ज्ञ एक ढोबळ आडाखा वापरतात, की निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून पातळ झाली की मोडण्याचा धोका वाढतो. आपल्या झाडाला ही भिंत सर्व बाजूंनी किमान 20 सेंटिमीटर हवी. मात्र हा आडाखा चहूकडून बंद पोकळीसाठी आहे. एका बाजूला तोंड उघडे असेल किंवा मुळेच कुजली असतील, तर भिंत जाड भरली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पूर्वेच्या मुळांशी सळई रुतली, तर माझा सल्ला स्पष्ट आहे. हे झाड वाचणार नाही, आणि ते पावसाळ्यापूर्वी काढावे लागेल.

ढोलीतल्या सिमेंटविषयी. एके काळी ही पद्धत सर्रास होती आणि करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून त्या वेळच्या समितीला दोष देऊ नका. परंतु झाड वाऱ्यात हलते आणि सिमेंट हलत नाही. दोहोंच्या मधल्या फटीत पाणी मुरते, आणि बुरशीला हवी तशी कायम ओलसर जागा तयार होते. आता झाड काढतानाही ते सिमेंट आड येणार आहे, कारण करवतीच्या चालत्या साखळीला ते लागले तर साखळी तुटून उडू शकते, आणि एक घनमीटर काँक्रीट सुमारे 2,400 किलो भरते. ज्याला हे काम द्याल त्याला ढोली कुठून कुठपर्यंत भरली होती ते लेखी सांगा. सणासुदीला दिव्यांच्या माळांसाठी मारलेले खिळे, जुन्या पाट्यांचे आकडे, फांदीत रुतलेली तार, यांतले जे कुणाला आठवत असेल तेही सांगा. झाड ते सगळे सालीखाली घेऊन बसलेले असते.

आता मुख्य प्रश्न. आपल्या पत्रात, आणि त्या कंत्राटदाराच्या बोलण्यातही, ‘पाडणे’ हा शब्द आला आहे. कोकणात नारळ पाडतात, पण हापूस उतरवतात. काठीला बांधलेल्या झेल्यात फळ अलगद घेतात, कारण देठ तुटून खाली आपटलेल्या फळाची किंमत शून्य होते. दोन इमारतींच्या मधले, वीस मीटर उंचीचे, पाया कुजलेले झाड हे पाडण्याचे काम नाही. ते टोकाकडून बुंध्याकडे, एकेक तुकडा धरून, तोलून खाली घ्यावे लागते. एका दिवसाचा कंत्राटदार आणि पाच दिवसांचा कंत्राटदार यांत एवढाच फरक आहे, आणि तो पैशांत मोजण्यासारखा नाही.

लाकडाच्या बदल्यात फुकट, या बोलीतच धोका आहे. अशा माणसाची कमाई जाड ओंडक्यांत असते, बारीक फांद्यांत नाही. म्हणून त्याला शक्य तितके मोठे तुकडे, शक्य तितक्या लवकर जमिनीवर हवे असतात. झाडाला दोर बांधून जेसीबीने ओढणे हा त्याचाच पुढचा प्रकार. निरोगी झाडाचा बुंधा कापताना खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये काही लाकूड मुद्दाम राखतात, ते बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. कुजलेल्या बुंध्यात ही बिजागरी टिकत नाही, ती मधेच तुटते, आणि मग झाड दोराचे ऐकत नाही. आपल्या आवारात त्याला चुकायला जागाही नाही.

वजनाचा अंदाज सभासदांना दिल्यास त्यांना हे लवकर पटेल. पर्जन्यवृक्षाची 60 सेंटिमीटर जाडीची ओली फांदी एक मीटर लांब कापली, तर तो एक ओंडका अडीचशे किलोंच्या आसपास भरतो. बुंध्याचा तेवढाच लांब तुकडा एक टनाच्या घरात जातो. शिवाय, कापलेला तुकडा आधी थोडा पडून मग दोराला अडला, तर दोरावर येणारा हिसका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो, आणि दोर ज्या कप्पीवरून जातो तिथे दोन्ही बाजूंचा ताण एकत्र येतो. हा हिसका शेवटी झाडाच्या मुळांपर्यंत पोचतो. निरोगी झाड तो पचवते. ज्याची मुळे गेली आहेत, त्या झाडाला हा प्रत्येक हिसका म्हणजे एक छोटे वादळ असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या आवारातला गुलमोहोर उतरवायला आम्ही गेलो होतो. वरच्या फांद्या मी दुर्बिणीने नीट पाहिल्या, बुंध्याशी मात्र कुंड्या मांडलेल्या होत्या आणि त्या हलवायचा मी कंटाळा केला. आठ मीटरवर असताना एक फांदी दोरावर घेतली, ती अडताच संपूर्ण खोडातून एक कंप आला आणि तो माझ्या तळपायांना कळला. फांदी थांबल्यावरही तो थांबला नाही. खोड अगदी सावकाश, एखादा माणूस झोपेत कूस बदलतो तसे, एका बाजूला सरकले. मी करवत दोराला सोडून दिली आणि सरळ खाली आलो. कुंड्या बाजूला केल्या, तर मागे चार भूछत्रे होती आणि मातीत हाताची बोटे जातील एवढा तडा होता. ते झाड दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा नसताना, आपोआप आडवे झाले. मुळे कुठेच नव्हती, सगळी खुंटासारखी तुटलेली. तेव्हापासून बुंध्याभोवतीची जमीन स्वतः मोकळी केल्याशिवाय मी झाडाला हात लावीत नाही, आणि माझ्याकडच्या एकाही मुलाला लावू देत नाही.

म्हणून आपल्या झाडाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पाहणाऱ्याची नजर इथे हमखास फसते. धोका पूर्वेच्या वाळक्या बाजूला दिसतो, आणि तुटक्या फांद्यांपुरता तो खराही आहे. परंतु संपूर्ण झाड उन्मळलेच, तर ते बहुधा पश्चिमेकडे पडेल. पानांनी भरलेली जड बाजू पश्चिमेला आहे, आणि तिचे ओझे मागून धरून ठेवणारी पूर्वेची मुळे नेमकी कुजलेली आहेत. भूछत्रांजवळच्या जमिनीत अर्धवर्तुळाकार तडा दिसतो का, तिथली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक उचलले गेले आहेत का, हे रोज पाहत जा. तसे दिसल्यास त्याच दिवशी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला आणि अग्निशमन दलाला कळवा, आणि काम पुरे होईपर्यंत पश्चिमेच्या इमारतीतील त्या बाजूच्या खोल्यांत कुणी झोपू नये, अशी व्यवस्था करा.

काम देताना दुसऱ्या कंत्राटदारालाही पारखून घ्या, कारण पैसे अधिक मागतो म्हणून तो जाणकार ठरत नाही. त्याला विचारा, की तुमचा माणूस या झाडावर कुठे दोर अडकवणार. ‘वर जाऊन बघतो’ असे उत्तर आले, तर काम देऊ नका. अशा झाडावर माणूस चढवणेच योग्य नाही. बूम लिफ्टच्या, म्हणजे माणसाला यंत्राच्या लांब हाताने वर नेणाऱ्या गाडीच्या, पाळण्यातून कापणे आणि कापलेला भाग क्रेनने उचलून नेणे हा खरा मार्ग आहे, म्हणजे झाडावर कुठलाही हिसका बसत नाही आणि माणसाचा जीव झाडावर टांगलेला राहत नाही. क्रेनने आधी फांदीचा भार आपल्याकडे घ्यायचा, दोर नुसता ताठ करायचा, मग काप द्यायचा. कापलेली फांदी पडत नाही, ती होती तिथेच तरंगते आणि मग सावकाश बाजूला जाते. हे दृश्य पाहिलेला माणूस पुन्हा ‘पाडणे’ म्हणत नाही. आवारात क्रेन शिरत नसेल, तर रस्त्यावरून तिचा हात पोचतो का, पोचला तर तेवढ्या अंतरावर ती किती वजन पेलते, हे क्रेनवाल्याकडून लेखी घ्यावे. हात जितका लांब, तितके उचलण्याचे वजन कमी होत जाते. दहा टनांची क्रेन म्हणजे प्रत्येक अंतरावर दहा टन नव्हेत.

क्रेन कुठूनच पोचत नसेल आणि माणूस वर जाणे अगदी अटळ असेल, तर त्याचा स्वतःचा दोर आजारी झाडावर नव्हे, शेजारच्या निरोगी झाडावर अडकवलेला असावा, दोन वेगवेगळे आधार असावेत, आणि तुकडे हाताने उचलता येतील एवढेच लहान घ्यावेत. पायाला लोखंडी काटे बांधून चढण्याची पद्धत कुजक्या खोडावर वापरू नये, कारण सालीखालचा भुसा काट्याला धरीत नाही आणि माणूस घसरतो.

कापण्याचा क्रमही त्याच्या तोंडून ऐकून घ्या. आधी पश्चिमेच्या लांब आडव्या फांद्यांची टोके कमी करून ओझे हलके करायचे, मग पूर्वेच्या वाळक्या फांद्या पाळण्यातून काढायच्या, आणि पुढे दोन्ही बाजू आलटून पालटून घेत तोल राखायचा. एक बाजू संपूर्ण मोकळी करून मग दुसरीकडे जातो म्हणणाऱ्याला तोलाचे भान नाही. जाड फांदी कापताना आधी खालून, जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत, काप द्यायचा आणि मग थोडे बाहेरच्या अंगाला वरून. खालचा काप न दिल्यास फांदी तुटताना खालची साल आणि लाकूड सोलत खोडापर्यंत येते आणि कापणाऱ्याच्या अंगावर झेप घेते. वाळलेल्या फांदीला ही रीतही पुरती लागू पडत नाही, कारण ती वाकत नाही, कडकन तुटते. म्हणून तिचे तुकडे लहान हवेत आणि माणूस तिच्या खाली नको.

जमिनीवरची शिस्त वरच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची आहे. वरचा माणूस ‘कापतो’ म्हणून आवाज देईल, खालचा एकच ठरलेला माणूस चौफेर पाहून ‘मोकळं’ म्हणेल, आणि ते ऐकू आल्याशिवाय करवत लाकडाला लागणार नाही. खाली चौघे जण एकाच वेळी सूचना देत असतील तर काम थांबवण्याचा अधिकार आपण सचिव म्हणून जरूर वापरा. जवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून त्या वेळेपुरता वीजपुरवठा बंद करून घ्यावा. कामगारांचा आणि त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा कागदावर पाहिल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. उद्या कामगार पडला तर ‘कंत्राटदाराचा माणूस होता’ एवढे म्हणून सोसायटीची सुटका होत नाही, आणि माणुसकीच्या दृष्टीने ती होऊही नये.

परवानगीबाबत थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रातील नागरी भागांत झाडांच्या संरक्षणासाठी 1975 सालचा कायदा आहे आणि 2021 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, म्हणजे आपले झाड त्यात मोडते. तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी झाडे भरपाई म्हणून लावावी लागतात, हा भाग सभेत आधीच सांगा, कारण ती संख्या पन्नासच्या वर जाणार आहे आणि ती झाडे लावण्याची व जगवण्याची जागा शोधावी लागेल. झाडावर नोटीस लावून आणि वर्तमानपत्रात देऊन नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. हरकत घेणाऱ्यांवर चिडू नका. शहरात खोट्या कारणांसाठी इतकी झाडे गेली आहेत, की त्यांचा संशय रास्त आहे. त्यांना बोलावून खडूच्या खुणा आणि रुतणारी सळई दाखवा. तातडीच्या धोक्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे, परंतु ती वापरायची की नाही हे वृक्ष अधिकारी ठरवतो. फांद्यांच्या छाटणीलाही परवानगी लागते, म्हणून ‘तोवर निम्मे तरी उतरवून ठेवू’ असे परस्पर करू नका.

पिंगळ्यांविषयी आजींनी सांगितले ते फार उपयोगाचे आहे, कारण फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांच्या विणीचा काळ असतो. सूर्य मावळताना अर्धा तास ढोलीकडे पाहत बसा. जोडी आळीपाळीने काही धरून आत जात असेल, तर आत पिल्ले आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरटे मोडता येत नाही, आणि कायदा नसता तरी मोडू नये. वन विभागाला कळवावे, इतर फांद्यांचे ओझे परवानगीने आधी कमी करून घ्यावे, आणि ढोलीचा भाग पिल्ले उडून जाईपर्यंत राखावा; अंदाजे महिनाभराचा तो प्रश्न असतो. कावळ्यांची आणि ढोकरींची घरटी होण्याआधी एप्रिलमध्ये काम उरकले तर उत्तमच. फांदीखाली आग्या मोहोळ असेल, तर ते जाणत्या माणसाकडून आधी हलवून घ्या. करवतीच्या आवाजाने उठलेल्या माशा पाळण्यातल्या माणसाला पळायला जागा ठेवीत नाहीत.

झाड उतरल्यावर बुंध्याचा खुंट सजावट म्हणून ठेवू नका. ही बुरशी खुंटात आणि मुळांत वर्षानुवर्षे जगते आणि शेजारच्या झाडांच्या मुळांना लागते. जेवढी जाड मुळे निघतील तेवढी काढावीत, कुजलेल्या लाकडाचा भुसा बागेत पसरू नये, आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरे झाड लावू नये. भरपाईची झाडे आवाराच्या दुसऱ्या कडेला लावावीत. तिथे ताम्हण किंवा बकुळ लावली तर ती दोन इमारतींच्या मापात राहतील. त्यांच्या बुंध्याभोवती मात्र पार बांधू नका आणि फरशी मुळांपर्यंत नेऊ नका. श्वास कोंडलेल्या, खोदकामात तुटलेल्या मुळांतूनच हा रोग बहुधा शिरतो.

आणि आजींविषयी. त्यांना सभेत, सगळ्यांसमोर सांगू नका. त्यांच्या घरी जाऊन सांगा, आणि शक्य असेल तर मोगरी त्यांच्या हातात देऊन त्यांनाच दोन ठिकाणचा आवाज ऐकू द्या. पंचावन्नहून अधिक वर्षे ज्यांनी त्या झाडाकडे पाहिले आहे, त्यांना त्याचे दुखणे आपल्यापेक्षा लवकर कळेल. त्यांच्या मान्यतेची कायद्याला गरज नाही, पण काम सुरू होण्याआधी ती मिळावी असे मला मनापासून वाटते. कामाच्या पाच दिवसांत त्यांना नातेवाइकांकडे पाठवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्यांना विचारल्याशिवाय तो मानू नका. असा एक वृक्ष उतरवताना त्या घरच्या आजोबांनी रोज खुर्ची टाकून सगळे काम पाहिले, आणि चौथ्या दिवशी माझ्या माणसांना पन्हे दिले.

या दिवसांत झाडाखाली काळ्या, चपट्या, पिकलेल्या शेंगा पडतात. दोरीच्या आत जाऊन त्या वेचू नका. बाहेर उडालेल्या किंवा उतरवलेल्या फांद्यांवरच्या घ्या आणि आजींना द्या. आतला गर गोड आणि चिकट असतो, गुरे तो आवडीने खातात. त्यातल्या टणक तपकिरी बिया धुऊन घ्याव्यात, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात घालून रात्रभर तशाच ठेवाव्यात, आणि सकाळी ज्या फुगल्या असतील त्या पिशवीत माती-शेणखत घालून बोटाच्या पेराएवढ्या खोल लावाव्यात. मुळांचा हा रोग बियांतून येत नाही. रोपे मात्र सोसायटीत लावू नका. हे झाड आपल्या उंचीहून अधिक रुंद पसरते. गावाकडे कुणाचे मोठे मोकळे मैदान असेल, शाळेची कड असेल, तिथे ती जागेच्या मालकाला विचारून पहिल्या पावसानंतर लावावीत, आणि जागा आजींना निवडू द्यावी.